उसना श्वास
रुग्णालयाचे अंतरंग : लेखांक पाचवा

अपघाताच्या किंवा दंशाच्या जागेपासून रुग्णालयाच्या दारापर्यंत रोगी कसा पोहोचतो आणि त्या वाटेत कोणता वेळ व्यर्थ जातो, याचा विचार आपण मागील लेखांकात केला. आता त्या दाराच्या आत जावयाचे आहे. आणि ज्या दालनाबाहेर नातलगांनी पादत्राणांबरोबर आपले प्रश्नही काढून ठेवावेत अशी अपेक्षा असते, त्या अतिदक्षता विभागात नेमके काय चालते, हे पाहावयाचे आहे.

पनवेलहून गोव्याच्या महामार्गाने निघून पळस्पे फाटा मागे टाकला, की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. भातखाचरे, पावसाळ्यातील दमट रात्री आणि जमिनीवर अंथरूण टाकून निजण्याची रीत, ही तिन्ही जेथे एकत्र येतात तेथे मण्यारीच्या दंशाचे भय असतेच. या दंशाला सूज नाही, फारशा वेदना नाहीत. कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, उशीवरून मान उचलवत नाही, आणि अखेरीस छातीचे स्नायू थकून श्वास थांबतो. प्रतिविष तातडीने द्यावयाचेच. परंतु रक्तात मोकळे फिरणारे विष त्याने निकामी होते, तरी मज्जातंतूंच्या टोकांवर झालेली हानी त्याने भरून निघत नाही. ती हानी शरीर स्वतःच, आपल्या गतीने, काही दिवसांत भरून काढते. तेवढे दिवस या माणसासाठी श्वास कोणी घ्यावयाचा, हा खरा प्रश्न असतो, आणि अतिदक्षता विभाग हे त्याचे उत्तर आहे. घशातून श्वासनलिकेत नळी घातली जाते, व्हेंटिलेटर मिनिटाला बारा-पंधरा वेळा मोजून हवा आत लोटतो, आणि कालपर्यंत जो गेल्यातच जमा होता तो मनुष्य आठवड्या-दोन आठवड्यांत बहुधा आपल्या पायांनी घरी जातो. यंत्राने त्याला बरे केले नाही. बरे होण्यास लागणारी मुदत तेवढी मिळवून दिली.

ही कल्पना फार जुनी नाही. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या एकतीस रुग्णांपैकी सत्तावीस जण तीन दिवसांच्या आत दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी शस्त्रक्रियागृहातील आपली नित्याची युक्ती वॉर्डात आणली : गळ्याला छेद देऊन नळी बसवावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरावी. यंत्रे पुरेशी नव्हती. म्हणून सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले आणि अहोरात्र, कित्येक आठवडे, पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला, आणि तोच आजच्या अतिदक्षता विभागाचा आरंभ मानला जातो.

इमारतीशिवायही ही दक्षता संभवते, याचा दाखला आपल्या जिल्ह्यातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, त्या काळी तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले फुप्फुसांत पाणी भरून मरत. बावस्करांनी रुग्णाजवळ ठाण मांडून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी केल्या, हृदयावरचा ताण कसा चढतो हे ओळखले, आणि रक्तवाहिन्या शिथिल करणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध उपयोगात आणले. मृत्यूचे प्रमाण अत्यल्पावर आले, आणि त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या औषधाचा शोध लागण्यामागे प्रथम उशाशी बसणे होते.

विभागातील पडद्यांवरचे आकडे पाहून नातलग भांबावतात. पण खरे काम त्या पडद्यांखाली चालते. बेशुद्ध रुग्णाला ठराविक वेळाने कुशीवर वळवावयाचे, नाहीतर पाठीला शय्याव्रण होतात. डोक्याकडची बाजू तीस अंशांवर उंच ठेवावयाची, नाहीतर पोटातले फुप्फुसात उतरते. नळीतला कफ ओढून काढावयाचा, तोंड पुसावयाचे, पापण्या न मिटणाऱ्या डोळ्यांत मलम घालावयाचे, आणि तासातासाला लघवी मोजून तक्त्यात लिहावयाची. हे सारे परिचारिका करते. म्हणून विभागाची योग्यता विचारावयाची झाल्यास यंत्रे किती, याआधी रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण, हे विचारावे.

आणखी एक गोष्ट. मण्यारीने लुळा पडलेला मनुष्य पापणी हलवू शकत नाही, तरी तो बहुधा शुद्धीवर असतो आणि सारे ऐकतो. तेव्हा उशाशी “आता काही आशा नाही” असे पुटपुटणे क्रौर्य होय, आणि आपल्या माणसाचा ओळखीचा स्वर हा उपचाराचाच भाग होय. शिरढोणास हे निराळे सांगावयास नको. ज्या १८४५ साली मुंबईत जमशेटजी जीजीभाई रुग्णालय उघडले, त्याच साली येथे जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात फौजी हिशेबखात्यात कारकून असता आई अत्यवस्थ झाल्याचे कळले. रजेचा अर्ज साहेबाच्या दफ्तरी अडकला, मंजुरीची वाट न पाहता ते निघाले, आणि घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. सरकारी चाकरीविषयी त्यांच्या मनात जो विषाद साठला, त्यात या प्रसंगाचा वाटा त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदविला आहे. जंतुसंसर्गाच्या सबबीवर नातलगांना सरसकट बाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थापकांनी या सलाचा विचार करावा; हात धुऊन, ठरल्या वेळी, एकाने आत जाण्याने रुग्णाचे अहित होत नाही.

परंतु जेथे मूळ व्याधीच परतीच्या पलीकडे गेलेली असते, तेथे मुदत मिळवून काय साधणार? जीर्ण कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात किंवा थकल्या वार्धक्यात तेच व्हेंटिलेटर केवळ मरण लांबविते, आणि बिलाच्या आकड्यांपायी मागे राहिलेल्यांची जमीन गहाण पडते. यंत्र लावण्यास नकार देण्याचा किंवा लावलेले काढण्याचा अधिकार कोणाला, आणि ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयी काय निर्णय दिला, हा पुढील लेखांकाचा विषय आहे. तोवर वाचकांना एवढीच विनंती, की आपले माणूस त्या दालनात असेल तर डॉक्टरांना रोज एक प्रश्न निःसंकोचपणे विचारावा : ज्या कारणाने हे यंत्र लावले ते कारण दूर होण्यासारखे आहे काय, आणि आजचे मान कालच्यापेक्षा कसे आहे? या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे.