डॅव्हेन्ट्रीची टेकडी

नॉर्थॅम्प्टनशायरमधलं डॅव्हेन्ट्री हे इंग्लंडच्या साधारण मध्यावरचं बाजाराचं गाव. जुनी मंडळी त्याला ‘डेन्ट्री’ म्हणत. त्या उच्चारावरून एक दंतकथाही निघाली, की डेन लोकांनी इथे झाड लावलं म्हणून हे डेनांचं झाड. अभ्यासक ही कथा मानत नाहीत. त्यांच्या मते ते डाफा नावाच्या कुणा माणसाचं झाड. पण आपल्याकडची निम्मी लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदलेली असतात, तेव्हा डेनांनी एखादं झाड लावलं तर आपण कशाला नाक मुरडायचं? शिवाय या गावाला पुढे पोलादाची झाडं लाभली आणि त्यांच्यामुळे तीसच्या दशकात युरोपातल्या रेडिओंच्या काचेवर पॅरिस, रोमच्या जोडीला डॅव्हेन्ट्री छापलं जाऊ लागलं. ते नाव रोज वाचणाऱ्यांपैकी गाव पाहिलेले किती असतील!

गावाच्या पूर्वेला बरो हिल. लोहयुगात या टेकडीवर मातीच्या तटांचा विस्तीर्ण कोट होता. रोमन आले, त्यांनी वाडा बांधला. १६४५ च्या जूनमध्ये पहिल्या चार्ल्स राजाची फौज इथे तळ देऊन होती; इथून निघाली ती नेझबीच्या रणात पुरती मोडली. उंचावरून चहूकडे नजर टाकता येते एवढ्यासाठीच आजवर माणसं ही टेकडी चढत होती. बीबीसीला ती हवी होती बोलण्यासाठी.

१९२० च्या दशकातली रेडिओ केंद्रं म्हणजे शहराशहरातले छोटे दिवे. शहराबाहेर पडलं की अंधार. खेड्यातल्या माणसापाशी फार तर क्रिस्टल सेट असायचा. त्याला बॅटरी नाही, वीज नाही. खड्याच्या तुकड्यावर बारीक तार टेकवायची, कानाला हेडफोन लावायचा आणि हवेतून येईल तेवढ्याच शक्तीवर ऐकायचं. अशा सेटला दूरवरून ऐकू जायचं तर दोन गोष्टी हव्यात, जबरदस्त शक्ती आणि जमिनीला बिलगून जाणारी लांब लहर. चेम्सफर्डला आधी प्रयोग झाले आणि २७ जुलै १९२५ रोजी बरो हिलवर ‘फाइव्ह एक्स एक्स’ हे केंद्र सुरू झालं. शक्ती २५ किलोवॉट, लहरीची लांबी १६०० मीटर. देशाच्या मध्यावरची जागा निवडली ती यासाठी की आवाज समुद्रावर वाया न जाता जास्तीत जास्त जमिनीवर पडावा. उद्घाटनाला आल्फ्रेड नॉइस या कवीची खास रचलेली कविता वाचली गेली. विषय अर्थातच डेनांचं झाड.

टेकडीवर पाचशे फुटांचे दोन मनोरे होते. लांबून बघणाऱ्याला वाटे की मनोरेच बोलतात. प्रत्यक्षात ते धुणं वाळत घालायच्या दोन वाशांसारखे; बोलायची ती त्यांच्यामध्ये टांगलेली तार. आपल्याकडची स्थिती ताडून पाहण्यासारखी आहे. दोन वर्षांनी, २३ जुलै १९२७ ला, व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. शक्ती दीड किलोवॉट, भरवशाचा पल्ला तीसेक मैल. म्हणजे मुंबईचा आवाज जेमतेम कल्याण गाठणार. १९३० मध्ये कंपनीचं दिवाळंच निघालं.

डॅव्हेन्ट्रीच्या दीर्घलहरीचं काम १९३४ मध्ये ड्रॉइटविचच्या केंद्राकडे गेलं. एखाद्या टेकडीची गोष्ट इथेच संपली असती. पण १९ डिसेंबर १९३२ पासून इथूनच लघुलहरींवर ‘एम्पायर सर्व्हिस’ सुरू झाली होती. लघुलहर आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून हजारो मैलांवर उतरते. मनोऱ्यांमध्ये तारांचे पडदे टांगायचे आणि कुठल्या पडद्याने कुठल्या खंडाकडे तोंड करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. लहरींना संकेतनामं होती, जीएसए, जीएसबी अशी. शेवटच्या अक्षरांमध्ये डी म्हणजे डॅव्हेन्ट्री, ई म्हणजे एम्पायर. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी सुरुवातीलाच श्रोत्यांना बजावलं, की कार्यक्रम फार रंजकही नसतील आणि फार चांगलेही नसतील. असा प्रामाणिक उद्घाटक विरळा. सहा दिवसांनी, नाताळला, पाचवा जॉर्ज साम्राज्याशी बोलला. भाषण लिहून दिलं होतं रुडयार्ड किपलिंगने, म्हणजे मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मलेल्या लेखकाने.

पण या मनोऱ्यांनी केलेलं सर्वांत मोठं काम ना राजाचं होतं ना श्रोत्यांचं.

ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाला तेव्हा ‘मृत्युकिरणां’चं वेड लागलं होतं. शंभर यार्डांवरून मेंढी मारून दाखवणाऱ्याला हजार पौंडांचं बक्षीस लावलेलं होतं. मेंढ्या सुखरूप राहिल्या. १९३५ च्या आरंभी मंत्रालयाने रेडिओ संशोधक रॉबर्ट वॉटसन-वॅट यांना विचारलं, रेडिओलहरींनी वैमानिकाला भाजता येईल का? त्यांनी आपले सहकारी आर्नल्ड विल्किन्स यांच्यापुढे साळसूदपणे गणित टाकलं: आठ पिंट पाणी, पाच किलोमीटरवर, ९८ अंश फॅरनहाइटवरून १०५ वर न्यायला किती शक्ती लागेल? विल्किन्सनी ओळखलं की हे पाणी म्हणजे माणसाचं रक्त आहे. उत्तर आलं, अशक्य. मग माणसाला भाजता येत नसेल तर निदान विमान हुडकता येईल का? विल्किन्सना आठवलं, विमान जवळून गेलं की रेडिओचा आवाज थरथरतो, अशी पोस्ट खात्याच्या अभियंत्यांची तक्रार होती. इतरांच्या लेखी जो व्यत्यय होता, तोच त्यांना धागा वाटला.

कागदावरचं गणित सरकारला पटेना. प्रयोग दाखवा म्हणाले. नवा प्रक्षेपक बांधायला वेळ नव्हता. डॅव्हेन्ट्रीचा मात्र तयार उभा होता, १० किलोवॉटचा, ४९ मीटरच्या लहरीवर. योग असा की हेफर्ड बॉम्बरचा पंख तेवीसेक मीटर लांब, म्हणजे लहरीच्या जवळपास निम्मा. इतक्या लांबीचा धातूचा पंख हवेत फिरत्या अँटेनासारखा वागून लहर परतवेल, असा विल्किन्सचा हिशोब होता.

२६ फेब्रुवारी १९३५ च्या सकाळी टेकडीपासून काही मैलांवर, अप्पर स्टो गावाजवळच्या शेतात, एक मॉरिस व्हॅन उभी होती. आत रिसीव्हर आणि हिरवट ठिपका दाखवणारी कॅथोड-किरण नळी. अडचण अशी की डॅव्हेन्ट्रीची थेट लहर इतकी दणकट, की तिच्यापुढे विमानावरून आलेला प्रतिध्वनी म्हणजे विसर्जन मिरवणुकीतली कुजबुज. म्हणून दोन अँटेना लावून थेट लहरीला तिच्याच उलट्या रूपाने खोडून टाकलं. उरेल ते विमानाचं. वैमानिकाला तो कशासाठी घिरट्या घालतोय हे सांगितलेलं नव्हतं. ठिपका ताणला गेला, आखडला, पुन्हा ताणला गेला. विमान आठ मैलांवर जाईपर्यंत त्याची खूण दिसत राहिली.

याला सरसकट ‘रडारचा जन्म’ म्हणतात, ते मला थोडं सैल वाटतं. डॅव्हेन्ट्रीची लहर अखंड होती; विमान आहे एवढंच ती सांगे, किती दूर ते नाही. अंतर मोजायला तुटक स्पंदनं लागतात, आणि ती पुढच्या केंद्रांवर आली. पण सरकारी तिजोरी उघडायला तो हलणारा ठिपका पुरला. १९४० मध्ये जर्मन विमानं आली तेव्हा किनाऱ्यावर रडार केंद्रांची साखळी उभी होती.

युद्धाने एम्पायर सर्व्हिसचा आवाजही बदलला. साम्राज्यातल्या गोऱ्यांसाठी काढलेल्या सेवेला आता एतद्देशीयांच्या भाषा शिकाव्या लागल्या. १९४० मध्ये हिंदुस्तानी आली, १ मार्च १९४२ ला मराठी. तोवर प्रक्षेपणाचा भार डॅव्हेन्ट्रीबरोबर इतर केंद्रांनीही उचलला होता. बीबीसीच्या भारतीय विभागात तेव्हा जॉर्ज ऑर्वेल नोकरीला होते. मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठीची साप्ताहिक वार्तापत्रं ते इंग्रजीत लिहीत आणि त्यांचे अनुवाद प्रसारित होत. त्याच विभागात होत्या कोल्हापूरकडच्या शिरोळच्या वेणू चितळे. पुढे १९५० मध्ये त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी आली. ऑर्वेलवर आपल्याकडे लेखांचा पाऊस पडतो; वेणूताईंच्या वाट्याला चार थेंबही आलेले नाहीत, ही आपली चूक. मराठी सेवा १९५८ च्या नाताळला बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली २ ऑक्टोबर २०१७ ला, इंटरनेटवर. तिला टेकडी लागली नाही.

बरो हिलवर शीतयुद्धाच्या काळात मनोऱ्यांचं रान माजलं होतं. २९ मार्च १९९२ ला तिथलं वर्ल्ड सर्व्हिसचं प्रक्षेपण थांबलं आणि एकेक मनोरा उतरवला गेला. आता टेकडीवर सार्वजनिक उद्यान आहे, लोक फिरायला येतात, लोहयुगीन तटावरून पायवाट जाते. मनोरा एकच उरला आहे. त्या फेब्रुवारीतल्या सकाळचं स्मारकही आहे, पण ते टेकडीवर नाही. ते अप्पर स्टोकडे, व्हॅन उभी होती त्या शेताजवळ आहे.