जुन्या स्कूटरची योग्यता तपासणी

नोंदणीची मुदत संपत आलेल्या खाजगी स्कूटरला पुढील काळासाठी रस्त्यावर वापरण्याची अनुमती देण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात (आरटीओ) तिची जी प्रत्यक्ष पाहणी केली जाते, तिला योग्यता तपासणी म्हणतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील जुन्या, गिअर असलेल्या टू-स्ट्रोक स्कूटरींचा, विशेषतः बजाज चेतकच्या पिढीतील वाहनांचा, विचार केला आहे.

कायदेशीर चौकट

ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या स्कूटरला दरवर्षी ‘एमओटी’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी द्यावी लागते. भारतात खाजगी दुचाकीला अशी वार्षिक चाचणी नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ४१ नुसार खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि त्यानंतर तिचे दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. मधल्या काळात नियमाने घडते ती केवळ धुराची तपासणी. जुन्या स्कूटरला पीयूसी प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते. परंतु त्या प्रमाणपत्रात ब्रेक, टायर किंवा पत्र्याविषयी एक अक्षरही नसते. परिणामी एखादी स्कूटर पंधरा वर्षे धावते आणि तोवर तिचे ब्रेक कोणत्याही शासकीय अधिकाऱ्याने पाहिलेले नसतात. पहिल्या नूतनीकरणाच्या तपासणीचे महत्त्व यामुळेच वाढते.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आणि विलंबासाठी दरमहा ३०० रुपये आकारण्याची तरतूद आली. २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी हे शुल्क २,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात याखेरीज पर्यावरण कर भरावा लागतो. वर्षानुवर्षे वाहनतळावर धूळ खात पडलेल्या स्कूटरची थकलेली रक्कम कित्येकदा तिच्या बाजारभावाच्या जवळ जाते, आणि अनेक स्कूटरी तपासणीपर्यंत न पोहोचता थेट भंगारात जातात.

तपासणीत काय पाहतात

मोटार वाहन निरीक्षक प्रथम चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी पडताळतो. जुन्या स्कूटरीत अडचण बहुधा इथूनच सुरू होते. रंगाच्या थरांखाली किंवा गंजाखाली चासी क्रमांक वाचता येईनासा होतो. कधी इंजिन बदललेले असते आणि त्याची नोंद केलेली नसते. यंत्र उत्तम चालत असले तरी कागद जुळला नाही तर काम अडते. त्यानंतर दिवे, दिशादर्शक, हॉर्न, आरसे, ब्रेक, टायर आणि नोंदणी पाटी पाहिली जाते. विमा आणि पीयूसी वैध असणे आवश्यक असते.

या स्कूटरींचे नेहमीचे दोष

बजाज चेतकचे उत्पादन १९७२ मध्ये सुरू झाले. तिची मूळ रचना इटलीच्या व्हेस्पाची. कंपनीने २००९ मध्ये स्कूटरनिर्मितीतून माघार घेत असल्याचे जाहीर केले; त्यामुळे पेट्रोलवर चालणारी प्रत्येक चेतक आज पंधरा वर्षे ओलांडलेली आहे.

या स्कूटरीला मोटारसायकलसारखा नळ्यांचा वेगळा सांगाडा नसतो. दाबून घडवलेला पत्राच सर्व भार पेलतो. म्हणून पाय ठेवण्याच्या जागेचा पत्रा गंजणे हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. रबरी मॅटखाली पावसाचे पाणी साचून राहते आणि पत्रा खालून खात जातो. कोकणातील दमट, खाऱ्या हवेत हे लवकर घडते. वरून नवा रंग दिला की दोष झाकला जातो, पण मॅट उचलून पत्रा दाबून पाहिला की खरी स्थिती कळते.

मागचा ब्रेक लागत नसेल तर बहुतेक मालक लायनर बदलून मोकळे होतात. प्रत्यक्षात मागच्या चाकाजवळचे ऑइल सील गळून गिअर ऑइल ड्रममध्ये उतरलेले असते. अशा वेळी नवे लायनरही काही दिवसांत तेलकट होतात. क्लचच्या बाजूचे क्रँकचे सील गेले तर हेच ऑइल इंजिनात खेचले जाऊन जळते आणि दाट धूर निघतो. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल जास्त मिसळले तरी धूर वाढतो. तो दोष मात्र सवयीचा आहे, यंत्राचा नव्हे.

धुराच्या मर्यादाही वाहनाच्या वयानुसार ठरतात. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतो. त्यानंतरच्या टू-स्ट्रोक दुचाकीला अनुक्रमे ३.५ टक्के आणि ६,००० पीपीएम ही मर्यादा आहे. त्यामुळे १९९८ ची स्कूटर ज्या धुरावर उत्तीर्ण होते, त्याच धुरावर २००२ ची स्कूटर नापास होऊ शकते.

दिव्यांबाबत एक गैरसमज आढळतो. जुन्या मॉडेलांमध्ये दिवे थेट मॅग्नेटोच्या विजेवर चालतात, त्यामुळे इंजिन संथ असताना ते मंदावणे हा बिघाड नसून रचनेचा भाग आहे. इंजिनाचा वेग वाढवूनही प्रकाश वाढत नसेल तरच वायरिंग आणि कॉइल तपासावी लागते.

उत्तीर्ण होण्याची शक्यता

वयापेक्षा वापर अधिक निर्णायक ठरतो. रोज चालणाऱ्या, वेळोवेळी ऑइल बदललेल्या तीस वर्षांच्या स्कूटरचे दोष केबल, बल्ब, लायनर असे किरकोळ आणि स्वस्तात दुरुस्त होणारे असतात. बंद पडून राहिलेल्या स्कूटरचे टायर नक्षी शाबूत असूनही कडक होऊन तडकतात, केबल गंजून अडकतात आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा बसतो. नापास झालेले वाहन दुरुस्त करून पुन्हा तपासणीस आणता येते.

नूतनीकरण न करता वाहन चालवल्यास कलम १९२ नुसार पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विम्याचा धोका त्याहून मोठा आहे. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या एका वाहनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विमा कंपनीने नुकसानभरपाई नाकारणे योग्य ठरवले.