बूगीपॉप : पाच जणांना अर्धीच ठाऊक असलेली गोष्ट

आजचं पुस्तक मी काही आवडीने उचललेलं नाही. माझी मुलगी अकरावीत आहे. महिनाभर ती दार लोटून काहीतरी वाचत बसायची. एक दिवस पुस्तक पलंगावर राहिलं म्हणून चाळलं, तर शाळेतल्या मुली एकेक करून नाहीशा होतायत आणि कोणीतरी त्यांना खातंय! पोटात गोळाच आला. विचारलं तर म्हणाली, "आई, लाइट नॉव्हेल आहे ते."

यात लाइट काय, असं मला झालं. तर आधी तेच समजून घेऊ. जपानमध्ये लाइट नॉव्हेल, बोलण्यात 'रानोबे', म्हणजे मुख्यतः किशोर आणि तरुण वाचकांसाठी लिहिलेली, मधूनमधून चित्रं असलेली, खिशात मावेल एवढी कादंबरी. भाषा सोपी, संवाद भरपूर. 'लाइट'पणा वाचण्यात आहे. विषय कितीही काळोखा असू शकतो.

ही मालिका कोउहेई कादोनो यांची, 'बूगीपॉप'. पहिलं पुस्तक १९९८ साली आलं. त्याआधी त्याच्या हस्तलिखिताला देंगेकी स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते दिवसही लक्षात घ्या. १९९५मध्ये कोबेचा भूकंप झाला आणि टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेला. १९९७मध्ये कोबेतच लहान मुलांच्या खुनासाठी चौदा वर्षांचा मुलगा पकडला गेला. शेजारच्या साध्यासुध्या मुलाच्या मनात काय चाललंय, हा प्रश्न तिथल्या आईबापांपुढे उभा होता.

आता गोष्ट. शिन्यो नावाची शाळा. तिथल्या मुलींमध्ये एक अफवा आहे, की काळा झगा आणि उंच टोपी घातलेला बूगीपॉप नावाचा कोणी येतो. हा बूगीपॉप म्हणजे तोका मियाशिता या विद्यार्थिनीच्या आत राहणारं दुसरं व्यक्तिमत्त्व. जगाला धोका निर्माण झाला की ते आपोआप वर येतं. तोकाला त्याचा पत्ताच नसतो.

पुस्तकात पाच प्रकरणं आहेत. त्याच काही दिवसांकडे प्रत्येक प्रकरण वेगळ्या विद्यार्थ्याच्या बाजूने बघतं. पहिला ताकेदा, तोकाचा मित्र. तो गच्चीवर बूगीपॉपशी गप्पा मारतो, त्याच्याशी मैत्री करतो. एक दिवस बूगीपॉप सांगतो, धोका टळला, आता मी जातो. धोका कसला होता, हे ताकेदाला शेवटपर्यंत कळत नाही! दुसरी सुएमा. पाच वर्षांपूर्वी ती एका खुन्याच्या हातून थोडक्यात वाचली, आणि तेव्हापासून गुन्हेगारांच्या मनाबद्दल वाचत असते. खरा थरकाप मात्र साओतोमेचा. चारचौघांसारखा, कोणाच्या डोळ्यांत न भरणारा मुलगा. राक्षसीण समोर येते, तेव्हा तो पळत नाही. तिच्या प्रेमात पडतो आणि तिला माणसं मिळवून देऊ लागतो. ती जगण्यासाठी खाते. हा मात्र स्वतःहून तिच्या बाजूने उभा राहतो.

वाचताना माझा गोंधळ उडाला, म्हणून वहीत दोन रकाने केले : कोणाला काय माहीत आहे, आणि काय माहीत नाही. तुम्हीही करून बघा. दुसरा रकाना भराभर भरतो. जी मुलगी नाहीशी झाली, ती घरातून पळून गेली असेल असं सगळे समजतात, आणि तिथेच थांबतात. पुस्तकातली भीती राक्षसिणीपेक्षा या थांबण्याची जास्त आहे.

वाचून झाल्यावर मुलीला विचारलं, तुला यातलं काय आवडलं? मला वाटलं, राक्षसीण म्हणेल. ती म्हणाली, "तो रस्त्यावर रडत चाललेला माणूस." सुरुवातीलाच तो प्रसंग आहे. एक माणूस भर गर्दीत रडत, अडखळत चाललाय, लोक त्याला चुकवून पुढे जातायत. बूगीपॉप तेवढा त्याच्यापाशी थांबतो. तो माणूस कोण, हे मी सांगत नाही. पण पुढचं बरंच काही त्याला कोण कसं वागवतं यावर ठरतं.

मी म्हटलं, "तोच का?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तिच्या शेजारी बसणारी मुलगी दिवाळीनंतर वर्गात आलीच नाही. कोणी विचारलं नाही. "मीही नाही विचारलं."

त्या मुलीचं नावसुद्धा मी पहिल्यांदा ऐकत होते. महिनाभर मी दाराबाहेरून पुस्तकाची काळजी करत होते!

वाचायचं असेल तर इंग्रजी अनुवाद आहे, पहिल्या पुस्तकापासूनच सुरू करा आणि आधी सारांश शोधू नका. घरात कोणी वाचत असेल, तर हिसकावून घेऊ नका. मागून घ्या.

रविवारी आम्ही दोघी त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. तिथे काय बोलणं झालं ते सांगणार नाही, ती तिची गोष्ट आहे. सोमवारी माझ्या मुलीने डब्यात दोन पोळ्या जास्त मागितल्या.

भेटू पुढच्या भागात.