सीएसएसचे पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

संगणकाच्या पडद्यावर दिसणारी पाने सजविण्याची विद्या शिकावी, अशी इच्छा अलीकडे पुष्कळ विद्यार्थी बोलून दाखवितात. आणि तीकरिता कोणते पुस्तक आणावे, असे त्यांचे पालक आम्हांस विचारतात. जिंतूर अथवा गंगाखेडकडील शेतकऱ्यास कापसाच्या पैशांतून ते घ्यावे लागते, तेव्हा प्रश्न लहान नव्हे. पुस्तक चुकले तर पैसा जातो तो जातोच. परंतु 'हे आपल्या आवाक्यातले नाही' असा ग्रह मुलाच्या मनात बसतो, तो पैशाहून महाग पडतो.

प्रथम विषय काय तो पाहू. पानावरील मथळा, परिच्छेद, चित्र ही अंगे एचटीएमएलने सांगावयाची. त्यांचा रंग, आकार व मांडणी सीएसएसने. लेखकाने मजकूर द्यावा आणि छापखान्यातील जुळाऱ्याने खिळे निवडून तो सजवावा, तशीच ही विभागणी आहे. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे घडविले. तेथेच बालपणी काम शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. मजकूर तोच असला तरी खिळा बदलताच पानाचे रूप पालटते, हे त्या मंडळींनी चांगले ओळखले होते.

सीएसएसची कल्पना हॉकोन व्यूम ली यांनी १९९४ साली मांडली व तिचे पहिले अधिकृत स्वरूप डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्या अशी तरुण असल्यामुळे तीवरील पुस्तके लवकर जुनी होतात. पूर्वी पानाचे स्तंभ पाडण्यास कोष्टके, व पुढे 'फ्लोट' वापरीत. वास्तविक फ्लोट हा चित्राच्या बाजूने मजकूर वाहविण्याकरिता. त्यावर साऱ्या पानाचा भार टाकणे म्हणजे खुंटीस झोपाळा टांगणे होय. मार्च २०१७ मध्ये 'ग्रिड' प्रमुख ब्राउझरांत आले आणि ती ओढाताण सरली. म्हणून पुस्तक हाती घेताच आधी आवृत्तीचे साल पाहावे, मग अनुक्रमणिकेत 'फ्लेक्सबॉक्स' व 'ग्रिड' आहेत की नाहीत ते पाहावे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळणारे बहुतेक ग्रंथ येथेच गळतात.

दोन प्रसिद्ध पुस्तकांविषयी आमचे मत सांगतो. जॉन डकेट यांचे २०११ सालचे पुस्तक रंगीत, सुबोध आणि इंग्रजीस बिचकणाऱ्या मुलासही झेपणारे आहे. मात्र त्यातील पानाच्या मांडणीचे प्रकरण आता जुने झाले, तेवढे दुसरीकडून शिकावे. एरिक मेयर यांचा ग्रंथ अत्यंत विश्वसनीय, परंतु २०२३ च्या आवृत्तीची पृष्ठे हजारांवर आहेत. तो कोशासारखा चाळावयाचा. नवशिक्याच्या हाती तो प्रथमच देणे आम्हांस पसंत नाही.

यांतील उदाहरणे इंग्रजी लिपीची आहेत, ही अडचण मात्र आपली आपणच सोडविली पाहिजे. प्रत्येक धडा मराठी परिच्छेदावर करून पाहावा. अक्षरांतील अंतर वाढविले की इंग्रजी मथळा खुलतो, पण आपली शिरोरेषा तुटते. मोठ्या लिपीतील अक्षरे करण्याची आज्ञा देवनागरीस लागूच नाही. ओळींतील अंतर इंग्रजीच्या मापाने ठेविले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. ते अंमळ सैलच ठेवावे. पानाची भाषा मराठी अशी नोंदविली म्हणजे काही टंक 'ल' व 'श' यांची आपल्या वळणाची रूपे दाखवितात. सरावास मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा टंक घ्यावा. तो विनामूल्य आहे.

पुस्तक घेणे जमत नसेल, त्यांच्याकरिता मोझिलाचा एमडीएन हा धडेसंग्रहही विनामूल्य आहे. तो इंग्रजीत आहे. तेव्हा दोघांतिघांनी मिळून वाचावा, आणि एकाने शब्दकोश जवळ ठेवावा.