शब्दाचा पत्ता शेजाऱ्याला विचारा!

बालमित्रांनो, आज एका गमतीनं सुरुवात करू या. पुढचं वाक्य वाचा बरं : ‘आईनं चुलीवर टंबू ठेवला, त्यात पाणी ओतलं आणि उकळी आल्यावर चहाची पूड टाकली.’

सांगा पाहू, टंबू म्हणजे काय? पातेलं! बरोबर ना? पण गंमत अशी, की ‘टंबू’ असा शब्दच नाही. तो मी आत्ताच तयार केला. मग तुम्हाला त्याचा अर्थ कुणी सांगितला? चुलीनं सांगितला, पाण्यानं सांगितला, चहाच्या पुडीनं सांगितला. म्हणजे शेजारच्या शब्दांनीच सांगितला!

आपल्याकडे गावात कुणाचं घर सापडत नसलं की आपण काय करतो? शेजारच्या घरी विचारतो. शब्दांचंही अगदी तसंच आहे. अडलेला शब्द दिसला की लगेच पुस्तक मिटायचं नाही, की ‘अर्थ सांगा ना’ म्हणून ओरडायचंही नाही. आधी त्याच्या शेजाऱ्यांकडे चौकशी करायची.

आता खराखुरा शब्द घेऊ. ‘वाण’. संक्रांतीला बायका एकमेकींना वाण देतात. बाबा मोंढ्यातून तुरीचं वाण आणतात. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेलं ‘बीडीएन ७११’ हे असंच तुरीचं एक वाण. आणि ‘त्या घरात कशाचीच वाण नाही’ असं म्हटलं, तर तिथं वाण म्हणजे उणीव, कमतरता! शब्द एक, अर्थ तीन. संक्रांत शेजारी आली की एक अर्थ, तूर आली की दुसरा, ‘नाही’ आलं की तिसरा.

शेजारी खुणा तरी कशा देतात? काही शब्द अगदी पाटी घेऊनच उभे असतात. ‘म्हणजे’ दिसलं, की पुढं अर्थ आलाच. ‘पण’ किंवा ‘मात्र’ दिसलं, की पुढं उलटी गोष्ट येणार. ‘थोरला भाऊ अबोल, पण धाकटा दिवसभर बडबडत असतो.’ अबोल म्हणजे काय, हे धाकट्यानंच सांगून टाकलं की! ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ हे शब्द कारण दाखवतात. ‘सामना हरल्यामुळे तो खिन्न होऊन कोपऱ्यात बसला.’ हरलेला, कोपऱ्यात बसलेला मुलगा आनंदात असेल का? नाही. म्हणजे खिन्न हा दुःखाच्या घरातला शब्द.

मराठीत आणखी एक छान खूण आहे, ती म्हणजे तो, ती, ते. ‘ती वीट’ भिंतीत बसते, पण ‘तो वीट’ रोज एकच भाजी खाऊन येतो. ‘ती माळ’ गळ्यात घालतात, ‘तो माळ’ गावाबाहेर उघडा पडलेला असतो. ‘तो हार’ जिंकणाऱ्याच्या गळ्यात पडतो, आणि ‘ती हार’ समोरच्याच्या वाट्याला येते! शब्दाचं लिंग पाहिलं की अर्धं कोडं सुटतं.

आता जरा आपल्या निलंग्याकडे या. आपला तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ पर्यंत तो बीदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबाद (आजचं धाराशिव) जिल्ह्यात आला आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला कानडी, अशा शेजारात आपली बोली वाढली. म्हणून आपल्याकडे ‘पुढच्या हप्त्यात येतो’ म्हणजे पुढच्या आठवड्यात येतो. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, म्हणून सात दिवसांचा हप्ता. पण ‘बँकेचा हप्ता भरला’ असं म्हटलं की तिथं पैसे आले. तसंच ‘आजोबा रानात गेलेत’ म्हणजे शेतात गेलेत, जंगलात नव्हे! पुस्तकातल्या धड्यात मात्र रानात वाघ असतो. यातलं चूक काहीच नाही. घरातला अर्थही खरा आणि पुस्तकातलाही खरा. कोणता घ्यायचा, ते वाक्य ठरवतं. तेव्हा घरचा शब्द बोलायला लाजायचं नाही, बरं का!

मग शब्दकोश कशाला, असं तुम्ही विचाराल. लागतोच! दाते आणि कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. पण कोश उघडला तरी एका शब्दापुढे चार-पाच अर्थ दिलेले असतात. त्यातला आपल्या वाक्याचा अर्थ कोणता, हे आपल्यालाच निवडावं लागतं. म्हणून आधी अंदाज करा, मग कोशात तपासा, आणि शेवटी तो अर्थ वाक्यात घालून पुन्हा वाचा. वाक्य नीट चाललं, तर अंदाज बरोबर. अडखळलं, तर पुन्हा चौकशी!

एक गोष्ट मात्र कायम ध्यानात ठेवा. ‘मात्रा’ हा शब्द पाहा. ‘के’ लिहिताना ‘क’वर मात्रा असते, आणि औषधाचं ठरलेलं प्रमाण म्हणजेही मात्रा. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर ‘मात्रा’ लिहिलेली असते. घरात वाचणारे तुम्हीच असाल, तर आईबाबा तुमच्याकडेच डबा देतात. अशा वेळी अंदाजावर काम भागवायचं नाही. शब्द अडला तर कृषी सहायकांना किंवा दुकानदाराला विचारायचं. डब्यावरच्या चौकोनात लाल रंग असेल, तर ते अतिशय जहाल विष असतं. गोष्टीच्या पुस्तकात अंदाज चुकला तर हसू येतं, इथं चुकला तर जिवावर बेततं.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत उतारे येतात. म्हणून मुलांकडून शब्दार्थांच्या याद्या पाठ करून घेण्याकडे आपला कल असतो. पण यादीतला शब्द उताऱ्यात दुसऱ्याच अर्थानं आला, की पाठांतर करणारं मूल तिथंच फसतं. त्यापेक्षा रोज दहा मिनिटं वर्तमानपत्रातली एक बातमी त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. शब्द अडला तर लगेच अर्थ सांगू नका. ‘तुला काय वाटतं? कशावरून?’ एवढंच विचारा. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही, त्या आईबाबांनाही हे दोन प्रश्न विचारता येतात.

चला तर, आता तुमची पाळी. कंसातला योग्य शब्द निवडा आणि कशावरून निवडला, तेही सांगा.

१. आभाळातून बगळ्यांचा ____ उडत गेला. (कळप, थवा, घोस)
२. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर अधिकाऱ्यांनी पडलेल्या घरांची ____ केली. (पाहणी, टेहळणी, राखण)
३. सुई टोचण्यासाठी डॉक्टरांनी हातावरची ____ शोधली. (शिर, शीर)

उत्तरे : १. थवा (उडणाऱ्या पाखरांचा थवा, गुरांचा कळप, फळांचा घोस). २. पाहणी (टेहळणी शत्रूवर ठेवतात, पडझड किती झाली ते बघण्याला पाहणी म्हणतात). ३. शीर (शिर म्हणजे डोकं, ते हातावर कसं सापडणार!).