जपानी चहा, यवतमाळचं ऊन आणि हाताला लागणारा चटका: साहित्य निवडायचं कसं?

समजा, तुमच्या सिनॉप्सिसचा विषय आहे: जपानी चहासंस्कृतीवरून सुचलेलं, सोबत नेता येईल असं चहाचं यंत्र. ते वापरणार कोण? यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचायला जाणारी बाई. गाईडचा पहिला प्रश्न असेल, "बाहेरून बांबू लावणार म्हणता, पण का?" "जपानमध्ये लावतात म्हणून" आणि "छान वाटतो म्हणून" ही दोन्ही उत्तरं तिथे टिकत नाहीत. म्हणून आज 'वाटणं' मोजायचं कसं ते बघू.

जपानकडून नेमकं काय घ्यायचं?

हिरोशिमा विद्यापीठातल्या मित्सुओ नागामाची यांनी १९७०च्या दशकात 'कान्सेई अभियांत्रिकी' मांडली. वस्तू हाताळताना माणसाच्या मनात जी भावना उमटते, तिचं वस्तूच्या मोजता येणाऱ्या गुणांशी नातं शोधायचं, हे तिचं सूत्र. पण जपानी चहात हा विचार त्याच्या कितीतरी आधीपासून दिसतो. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांच्या काळात घडू लागलेली 'राकू' वाटी जाड आणि सच्छिद्र असते. तिला कान नसतो, कारण ती दोन्ही हातांत धरायची असते आणि उष्णता तळव्यापर्यंत हळूहळू पोचते. लोखंडी किटलीच्या तळाला आतून लोखंडाचे छोटे तुकडे बसवतात, ते पाणी तापताना आवाज यावा म्हणून. बाहेर चहा करायला 'चाबाको' नावाची पेटीही आहे. म्हणजे घ्यायचा तो विचार: कोणत्या इंद्रियाला काय जाणवावं हे आधी ठरवायचं, साहित्य नंतर.

चटका कशामुळे बसतो?

स्टील आणि साग, दोन्ही ६० अंश सेल्सिअसला आहेत. मग स्टीलच जास्त का पोळतं? उत्तर आहे इफ्युसिव्हिटी: उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. एसआय एककांत ढोबळ आकडे असे: स्टील ८०००, भाजलेली माती ११००, साग ४००, आपली त्वचा १२००. दोन वस्तू टेकल्या की स्पर्शाच्या जागेचं तापमान इफ्युसिव्हिटी जास्त असलेल्या वस्तूकडे झुकतं. त्वचा ३३ अंशांवर धरून भारित सरासरी काढली, तर स्टीलला टेकल्यावर सुमारे ५६ अंश येतात, मातीला ४६, सागाला ४०. वेदना साधारण ४३ ते ४५ अंशांच्या आसपास जाणवू लागते. म्हणजे स्टील पोळतं, माती सीमेवर आहे आणि साग नुसता ऊन लागतो. बांबूही सागाच्याच बाजूचा. हे गणित जाड वस्तूचं आहे, हे विसरू नका. पातळ पेल्यात आतल्या चहाची उष्णता मागून येतच राहते, तिथे भिंतीची जाडीही धरावी लागते.

इथेच गंमत आहे

पुस्तकात धातू 'थंड' आणि लाकूड 'उबदार' असतं. हिवाळ्यात १५ अंशांना हे खरंच: स्टीलला टेकल्यावर १७ अंश, सागाला सुमारे २८. आता यवतमाळचा मे घ्या. सावलीतलंच तापमान ४२ अंश असेल, तर रिकामं स्टीलही हाताला ४१ अंशांचं लागतं आणि साग ३५ चा. वस्तू त्याच, पण शब्द उलटे! शेताच्या बांधावर उन्हात पडलेल्या डब्याचं तर विचारूच नका. म्हणून परदेशी प्रश्नावलीतली 'थंड–उबदार' ही जोडी इथे जशीच्या तशी लावली, तर उत्तरं ऋतूप्रमाणे फिरतील आणि तुम्ही दोष साहित्याला द्याल.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

पहिलं, शब्द इथले गोळा करा. ऑस्गुड आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या अर्थभेद मापनात विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या लागतात. आपल्याकडे कोमट, ऊन, कढत अशी चढती शिडीच आहे. शिवाय खरबरीत–गुळगुळीत, मातकट वास. वापरणाऱ्यांशी बोलून मगच यादी पक्की करा.

दुसरं, भाग वेगळे करा. दूध-साखरेचा उकळलेला चहा आतून चिकटतो, म्हणून आत घासता येईल असं स्टील. तांबं-पितळ घ्यायचं तर कल्हई आली. हात लागतो तिथे बांबूचं विणलेलं वेष्टन. या जिल्ह्यात बुरूड आणि कोलाम कारागीर टोपल्या विणतातच, त्यामुळे नमुना इथेच करून घेता येईल. पण बांबू ओला राहिला की बुरशी धरतो, म्हणून वेष्टन काढून वाळवता आलं पाहिजे. माती स्पर्शाला, वासाला उत्तम. पिशवीत मात्र फुटते.

तिसरं, चाचणी दोन ऋतूंत घ्या. दर वेळी हवेचं आणि वस्तूच्या पृष्ठभागाचं तापमान नोंदवा. एकदा डोळे बांधून, एकदा उघड्या डोळ्यांनी हाताळायला द्या. बांबू 'दिसतो' म्हणून आवडला की 'लागतो' म्हणून, ते तेव्हाच कळेल.

एवढं हाताशी असलं, की गाईडच्या "का?" ला उत्तर आहे. आणि कापसाच्या रानात चहा ओतणाऱ्या हाताला चटका बसणार नाही, हे त्याहून मोठं.