खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाला घरचे आरओचे पाणी चालते का?

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले ते समुद्राच्या काठावर. आपल्या हैदराबादला मात्र समुद्र बादलीत तयार करावा लागतो. त्यासाठीचे खास समुद्री मीठ विकत मिळते. प्रश्न उरतो पाण्याचा. घरात प्युरिफायर आहेच, तर तेच पाणी का वापरू नये, असे आम्हालाही वाटले होते.

वर्षभर ठीक चालले. मग जुना प्युरिफायर बदलून तांब्याचा कार्ट्रिज असलेला नवा बसवला. महिन्याभरात नातवाच्या दोन्ही कोळंब्या मेल्या. मासे मात्र ठणठणीत. चाचणी केली, तर टाकीत तांबे निघाले. आपल्याला गुणकारी म्हणून घातलेले तांबे कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांना अगदी थोडे असले तरी विष ठरते. नातवाला काय सांगावे, हे आम्हाला सुचेना.

चूक समजून घेऊ. नळाला येणाऱ्या कृष्णा-गोदावरीच्या पाण्यात क्लोरीन असते, बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. नुसता यूव्ही प्युरिफायर जंतू मारतो, क्षार काढत नाही. आरओचा पडदा बहुतेक क्षार अडवतो. पण पाण्याला चव यावी म्हणून पुढे खनिजे मिसळतात किंवा टीडीएस कंट्रोलरमधून थोडे कच्चे पाणी परत सोडतात. पिण्यासाठी ते योग्यच, टाकीसाठी नाही.

शिवाय टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागेच राहतात. रोज एक लिटर पाणी उडाले आणि भर घालायच्या पाण्याचा टीडीएस ८० असला, तर वर्षाला २९ ग्रॅम क्षार साठतात. १०० लिटरच्या टाकीत साडेतीन किलो मीठ असतेच, त्यापुढे हे किरकोळ वाटेल. पण त्यात नायट्रेट, फॉस्फेट की तांबे, यावर सगळे अवलंबून आहे. नायट्रेट-फॉस्फेटने शेवाळ माजते. टीडीएस मीटर फक्त एकूण शिल्लक दाखवतो, नोंदींचा तपशील नाही.

आता आम्ही असे करतो:

१. मेकॅनिककडून आरओच्या पडद्यानंतर, पण खनिज व तांब्याच्या कार्ट्रिजच्या आणि टीडीएस कंट्रोलरच्या आधी, वेगळी नळी काढून घेतली. तिला डीआय रेझिनचा फिल्टर जोडला. मीटर शून्याजवळ हवा. आकडा चढू लागला की रेझिन बदलायचे.

२. कार्बन फिल्टर वेळेवर बदलतो. क्लोरीन तोच अडवतो, आणि क्लोरीनने पडदाही खराब होतो.

३. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ वेगळ्या बादलीत छोट्या पंपाने रात्रभर ढवळतो. सकाळी घनता १.०२५ च्या आसपास आहे ना, हे हायड्रोमीटरने पाहतो. स्वयंपाकाचे मीठ कधीच नाही.

४. उडालेल्या पाण्याची भर बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने, रोज थोडी थोडी घालतो. मीठ फक्त पाणी बदलताना. हैदराबादच्या उन्हाळ्यात, पंखा लावला की पाणी फारच भराभर उडते.

५. आरओचे टाकाऊ पाणी फरशी पुसायला ठेवतो.

तांबे दगड-वाळूत मुरून राहते, म्हणून चार महिने थांबलो. चाचणीत ते दिसेनासे झाल्यावरच नातवाने नवी कोळंबी आणली. नवा प्युरिफायर घेणाऱ्यांनी, घरात अशी टाकी असेल तर, आत कोणकोणते कार्ट्रिज आहेत हे आधी विचारून घ्यावे.